टी-३४ बांधायला घेताना: आधी कारखाना ठरवा, मग कटर उचला

टी-३४/७६, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ७६ मि.मी. तोफेचा सोव्हिएत रणगाडा, प्लॅस्टिकच्या किटमधून बांधायचा तर आधी एक लक्षात घ्या: त्याचा आराखडा एक होता, पण रणगाडे एकसारखे नव्हते. अभियंता मिखाईल कोश्किन यांच्या हाताखाली खारकोव्हमध्ये तो आकाराला आला, १९४० मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्यावर खारकोव्हचा १८३ क्रमांकाचा कारखाना यंत्रांसकट उरलमधल्या निझ्नी तागिलला हलवावा लागला. स्तालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना, गोर्कीचा क्रास्नोये सोर्मोवो, १९४२ पासून चेल्याबिन्स्क आणि स्वेर्दलोव्स्क, असे सगळे तोच रणगाडा बनवत होते. ज्याच्याकडे जे पोलाद, जे रबर, जी यंत्रं, त्यातून. रबर संपलं तिथे चाकं पूर्ण पोलादी झाली. स्वेर्दलोव्स्कच्या उरलमाश कारखान्याकडे प्रचंड प्रेस होता, म्हणून तिथे टरेट (तोफेचा फिरता घुमट) ओतण्याऐवजी जाड पत्रा दाबून घडवला गेला.

१:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या मॉडेलच्या किटमध्ये बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारांचे भाग एकत्र येतात: चाकांचे दोन नमुने, मडगार्डचे दोन, इंधनाच्या टाक्यांचे दोन. सूचनापत्रावर एवढंच असतं की हा किंवा तो लावा. इथेच चूक होते. दाबून घडवलेल्या टरेटवर ओतीव पोलादाचा खडबडीतपणा चढवला किंवा १९४२ च्या गाड्यावर पुढच्या वर्षीच्या टाक्या बसवल्या, की पुढचं सगळं काम कितीही सफाईदार असलं तरी तो रणगाडा कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलेला नसतो. म्हणून पहिला भाग कापण्याआधी एकच गाडा ठरवायचा. त्याचे दोन-तीन चांगले जुने फोटो छापून टेबलासमोर लावायचे आणि प्रत्येक प्रश्न त्या फोटोंना विचारायचा.

इथे वर्णन केलेला गाडा निझ्नी तागिलचा आहे, १९४२ च्या अखेरचा. षटकोनी ओतीव टरेट, ज्याला रशियन लोक ‘गाइका’ म्हणजे नट म्हणत. वर शेजारी-शेजारी दोन गोल झाकणं, जी उघडी दिसली की जर्मन सैनिकांना मिकी माउसचे कान आठवत. ट्रॅक (चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा) ५०० मि.मी. रुंदीचा (आधीचा ५५० चा होता). चाकं मिश्र: पहिलं आणि पाचवं रबराच्या धावेचं, मधली तीन पोलादी. पोलादी चाकांचा खडखडाट आणि हादरे फार, म्हणून जे थोडंफार रबर हाती होतं ते दोन टोकांना गेलं. वरून हिवाळ्याचा पांढरा रंग.

भाग सांगाड्यावर, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर असतानाच एक हिशेब करून ठेवावा, तो पुढे वारंवार लागतो. खरं माप भागिले ३५. चाकाचा व्यास ८३० मि.मी. म्हणजे मॉडेलमध्ये २३.७. पुढचा तिरपा चिलखती पत्रा ४५ मि.मी. म्हणजे १.३. तोफेचं तोंड ७६.२ म्हणजे जेमतेम २.२. आता मडगार्ड बघा. प्लॅस्टिकचा मडगार्ड १ मि.मी. जाडीचा येतो, म्हणजे खऱ्या मापात ३५ मि.मी., जवळजवळ चिलखताइतका. खरा मडगार्ड साध्या पातळ पत्र्याचा. सगळा मडगार्ड बदलायची गरज नसते. कड तेवढी आतल्या बाजूने सुरीच्या पात्याने खरवडून ०.२ मि.मी.पर्यंत आणली की डोळा फसतो, कारण डोळ्याला जाडी फक्त कडेलाच दिसते. सुरी कापायच्या दिशेने धरू नका. पातं उभं धरून उलटं ओढायचं, प्लॅस्टिकची भुकटी निघते आणि हात घसरत नाही.

भाग सोडवताना दोनदा कापायचं. पहिल्यांदा भागापासून ३-४ मि.मी. दूर, दुसऱ्यांदा जवळ, तरीही अर्धा मि.मी. शिल्लक ठेवून, उरलेलं कानस आणि पॉलिश पेपर घेईल. एका दणक्यात जवळ कापलं की प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा भागातून टवका निघतो, आणि गोल चाकावरचा टवका भरून काढणं फार किचकट. टी-३४ ला प्रत्येक बाजूला पाच जोड्या, म्हणजे एकूण वीस चाकं. साच्याची रेघ धावेच्या बरोबर मधोमध येते. ती कानशीने काढायला गेलात की धावेवर सपाट ठिकाणं पडतात. चाक टूथपिकवर घट्ट बसवून बोटांनी फिरवायचं आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर स्पंजवर चिकटवून त्यावर टेकवायचा. शेवटी ८०० नंबर. रबरी धावांना तीन-चार ठिकाणी सुरीने बारीक खाचा द्याव्यात, कड तुटलेली दिसावी इतक्याच. पोलादी चाकाला खाचा द्यायच्या नाहीत.

धडाचा खालचा भाग आधी काचेवर ठेवून तपासायचा. एका कोपऱ्याखाली कागद सरकला तर धड पिळलेलं आहे. गरम (उकळतं नव्हे) पाणी, मिनिटभर बुडवून हाताने सरळ करायचं आणि काचेवरच दाबून थंड होऊ द्यायचं. उकळत्या पाण्यात पातळ भिंती लाटेसारख्या होतात. जुन्या साच्यांच्या किटमध्ये तळाला मोटर आणि बटणासाठी भोकं असतात, ती ०.५ मि.मी. प्लॅस्टिक शीटने आतून बंद करून बाहेरून पुट्टी लावायची. ट्रॅकच्या वरचा, बाजूंच्या पोकळीचा तळही काही किटमध्ये उघडाच असतो. मागून वाकून बघितलं की आरपार उजेड दिसतो. तोही शीटने बंद.

चाकांचे दांडे हे धडाचं सगळ्यात नाजूक काम. टी-३४ ला अमेरिकन अभियंता क्रिस्टी यांच्या पद्धतीचं सस्पेन्शन, स्प्रिंग धडाच्या आत, बाहेर फक्त चाकं धरणारे दांडे दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकामधलं अंतर इतरांपेक्षा जास्त आहे. ही या गाड्याची ओळख आहे, ती सारखी करायला जाऊ नका. दांडे चिकटवायला पातळ झटपट सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा द्रव) वापरलं की दुरुस्तीला वेळच राहत नाही. इथे ट्यूबमधला घट्ट, सावकाश सुकणारा गोंद घ्यायचा, दहाही दांडे लावायचे, चाकं न चिकटवता अडकवायची आणि धड काचेवर ठेवून दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे ठोकळे लावायचे. जे चाक काचेला टेकत नाही त्याखाली कागदाची पट्टी सरकवून बघायचं, दांडा केसभर खाली आणायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. एकही चाक हवेत राहिलं की ट्रॅक बसवल्यावर ते ओरडून दिसतं.

चिलखती पत्र्यांच्या जोडांवर वेल्डची रेघ लागते. किटमध्ये ती बहुतेक वेळा सपाट खाचेसारखी असते. रिकामा सांगाडा मेणबत्तीवर मऊ करून ताणायचा, ०.४ ते ०.५ मि.मी. जाडीचा धागा निघतो. तो जोडावर ठेवून त्यावर पातळ सिमेंटचे दोन-तीन हात द्यायचे. पाचेक मिनिटांत धागा लोण्यासारखा होतो. मग गोलसर पात्याच्या टोकाने अर्ध्या अर्ध्या मि.मी.वर हलके दाब देत जायचं. दाब एकसारखे आले तर यंत्राने केल्यासारखं दिसतं. त्या काळी हातानेही वेल्डिंग झालं, घाईत झालं, त्यामुळे थोडी वाकडी, कुठे जाड, कुठे पातळ अशी रेघ जास्त खरी. युद्धाच्या मधल्या वर्षांतल्या सोव्हिएत गाड्यांवर ही ओबडधोबड शिवण फोटोतही ठळक दिसते.

आता टरेट. षटकोनी टरेटवर मी इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळ देतो, कारण बघणाऱ्याची नजर आधी तिथे जाते आणि ओतीव पोलादाचा पोत रंगाने उभा राहत नाही, तो खाली असावाच लागतो. किटचा टरेट फार गुळगुळीत असतो. साधन साधं: मिस्टर सरफेसर ५०० (बाटलीत मिळणारा दाट प्राइमर) आणि एक जुना गोल ब्रश, ज्याचे केस २-३ मि.मी. उरतील इतके कापलेले. सरफेसर बाटलीतून न ढवळता वरचा पातळ भाग घेतला तर काहीच होत नाही. तळाचा गाळ नीट मिसळून साधारण दुधावरच्या सायीइतका दाट हवा. एका वेळी टरेटची एकच बाजू घ्यायची. पातळ थर पसरायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि मग कापलेला ब्रश उभा धरून टोचत जायचं. पहिल्या टोचण्यांत ब्रशचे ठसे लगेच भरून येतात, पृष्ठभाग परत आरसा होतो. मग एक क्षण येतो, ठसा राहतो पण टोक उभं राहत नाही. तोच पोत. अजून थोडं पुढे गेलात की ब्रशमागे तार येऊ लागते, सुईसारखी टोकं उभी राहतात. तिथे हात थांबवा. तार आलेल्या जागी परत ब्रश नेला तर खालचा थर गोळा होऊन सुटतो. टोकं उद्या ६०० नंबरने जातील, पण सुटलेला थर मुळापासून काढून नव्याने करावा लागतो.

सुकल्यावर ६०० ने वरवर, फक्त टोकं मोडतील एवढं घासायचं, आणि प्राइमरचा एक पातळ फवारा मारून तिरप्या उजेडात बघायचं. पोत १:३५ मध्ये फार बारीक हवा. हाताला खसखशीसारखा लागला तर जास्त झाला, ३५ पट केल्यावर ती खसखस बोराएवढी होते. बोट फिरवल्यावर बारीक पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूसारखं लागलं की पुरे. दोन साच्यांचे अर्धे भाग जिथे जुळले ती ओतकामाची रेघ खऱ्या टरेटवरही असते. किटवरची प्लॅस्टिकच्या साच्याची रेघ पूर्ण काढून टाकायची आणि ओतकामाची रेघ फोटोत जिथे आहे तिथे ताणलेल्या धाग्याने पुन्हा घालायची. तोफेच्या आवरणालाही तसाच पोत द्यायचा. टरेटच्या छताला मात्र द्यायचा नाही, ते लाटीव पत्र्याचं आहे. मास्किंग टेप लावून झाका. धडाचे पत्रेही लाटीव, तिथे पोत शोभत नाही. उरलमाशच्या दाबून घडवलेल्या टरेटचं मॉडेल करत असाल तर ही सगळी मेहनतच सोडून द्यायची. त्याच्या कडा गोलसर आणि अंग जवळजवळ गुळगुळीत.

तोफेची नळी दोन अर्ध्या भागांत आली तर घासून गोल करणं अशक्य नाही, पण लेथवर कातलेली अॅल्युमिनियमची नळी सरळ गोल येते आणि या नळीला पुढे ब्रेक वगैरे काही नसल्याने तिचं तोंडच सगळं सांगतं. प्लॅस्टिकचीच ठेवायची असेल तर तोंडाच्या मध्यावर सुईने खूण करून आधी १ मि.मी., मग १.५, मग २ च्या बिटने हाताने भोक पाडायचं. एकदम २ चं बिट लावलं तर ते मध्य सोडतं आणि भिंत एका बाजूला कागदासारखी होते. अॅल्युमिनियमला धातूचा प्राइमर लागतोच, नाहीतर पुढे मास्किंग टेपसोबत रंग सालीसारखा निघून येतो.

पितळी फोटो-एचचे (रसायनाने कोरून काढलेल्या पातळ पत्र्याचे) भाग फक्त जिथे प्लॅस्टिकला जमत नाही तिथे वापरावेत. इंजिनच्या मागच्या बाजूची हवेची जाळी हा असा भाग. प्लॅस्टिकमध्ये ती भरीव असते, पितळेची लावली की आतल्या झडपा दिसतात. जाळी काचेवर किंवा टाइलवर ठेवून नव्या पात्याने खाली दाबत कापायची. मऊ मॅटवर कापली की टोकं वाकतात. वाकवण्याआधी पितळ मेणबत्तीच्या नव्हे, लायटरच्या स्वच्छ ज्योतीवर फिकट तांबूस होईपर्यंत तापवून थंड होऊ दिलं की त्याचा ताठरपणा जातो. जाळी सपाट हवी असेल तर मात्र तापवू नका, ती मऊ होऊन खळगे पडतात. चिकटवायला जेल सुपरग्लू, टूथपिकच्या टोकावर, जेवढा लागेल असं वाटतं त्याच्या चौथा हिस्सा. बंद पोकळीत सुपरग्लूची वाफ कोंडली की आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखं होतं, म्हणून धडाचा वरचा भाग अजून बंद नसताना हे काम उरकावं आणि हवा खेळती ठेवावी.

पायदळाला धरायचे दांडे धडाला आणि टरेटला असतात. किटचे जाड आणि वेडेवाकडे. ०.५ मि.मी. पितळी तार, चपट्या तोंडाच्या पक्कडीने वाकवलेली. सगळे एका मापाचे यावेत म्हणून पक्कडीच्या जबड्यावर पेनने खूण करायची आणि प्रत्येक वेळी तार त्याच खुणेवर धरायची. भोकं ०.५ च्या बिटने, २ मि.मी. खोल. गाडा ओढायच्या दोरासाठीही तारच घ्यावी: बारीक तांब्याच्या सात-आठ तारा ड्रिलच्या तोंडात पकडून पिळल्या की पोलादी दोर होतो, फक्त पिळून झाल्यावर तो ज्योतीवर फिरवायचा म्हणजे परत उलगडत नाही.

ट्रॅक. प्रत्येक बाजूला साधारण ७२ कड्या, दोन्ही मिळून १४४. त्यांतल्या निम्म्यांना मधोमध दात, निम्म्या सपाट, आळीपाळीने. टी-३४ चं मागचं चालक चाक, म्हणजे इंजिनने फिरणारं, दातेरी नसतं. त्यावर सहा रोलर असतात आणि ते ट्रॅकच्या मधल्या दातांना ढकलतात. त्यामुळे ट्रॅक बसवताना दात रोलरच्या मध्ये बसला पाहिजे. तो रोलरवर चढलेला दिसला तर हा गाडा एक फूटही पुढे जाणार नाही, हे जाणकाराला लगेच कळतं. दुसरं, टी-३४ ला ट्रॅक वर उचलून धरणारे छोटे रोलर नाहीत. वरचा ट्रॅक चाकांच्या माथ्यावरच टेकतो आणि दोन चाकांच्या मध्ये झोळ खातो. रबरी पट्ट्याचा एकसंध ट्रॅक इथे कामाचा नाही, तो वरून सपाट ताणलेला राहतो.

कड्यांच्या आतल्या बाजूला साच्यातून ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे असतात, काही किटमध्ये प्रत्येक कडीवर दोन. वर येणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कड्यांचेच ठसे भरायचे. मडगार्डखाली आणि जमिनीवर टेकलेल्या कड्यांचे भरून वेळ घालवण्यात अर्थ नाही. पुट्टीऐवजी सरफेसरचा थेंब सोडला की खळगा आपोआप सपाट होतो, मग एकदा घासायचा.

जोडणी अशी: पट्टीच्या कडेला टेप उलटी लावून त्यावर ३६ कड्या एका ओळीत टेकवायच्या, दर जोडावर पातळ सिमेंटचा छोटा थेंब. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. हात लावून बघा: पट्टा उचलल्यावर वाकतो पण तुटत नाही, ही वेळ. लवकर उचलला तर सुटतो, उशीर झाला तर वाकवताना सांध्यात कडकन मोडतो. मग तो मागच्या चालक चाकापासून सुरू करून चाकांवरून पुढे न्यायचा, दुसरी अर्धी ओळ खालून आणायची, आणि वरच्या झोळाच्या जागी कापसाचे बोळे किंवा फोमचे तुकडे दाबून ठेवायचे, मडगार्डच्या आधाराने. शेवटची कडी कधी अर्धी कमी पडते, कधी अर्धी जास्त होते. कडी घासून जुळवू नका. पुढचं मोकळं चाक खऱ्या गाड्यातही ताण बदलण्यासाठी पुढे-मागे सरकतं, तेच एक-दीड मि.मी. सरकवायचं. त्यासाठी त्या चाकाचा दांडा इथपर्यंत चिकटवलेला नसावा. रात्रभर सुकू द्यायचं, आणि चाकं न चिकटवता ठेवली असतील तर अख्खा ट्रॅक चाकांसकट बाजूला काढून वेगळा रंगवता येतो. वीस चाकांच्या मागे ब्रश घालत बसण्यापेक्षा हे फार बरं.

एक बारीक गोष्ट या निमित्ताने. टी-३४ च्या ट्रॅकच्या पिना एका बाजूला, आतल्या बाजूला, डोक्याच्या असत. दुसऱ्या टोकाला त्यांना अडवणारं काही नसे. चालताना पीन आत सरकली की धडावर मागे लावलेली उतरती पट्टी तिच्या डोक्यावर आदळून तिला परत बाहेर ढकलायची. किटमध्ये ही पट्टी असते आणि पुष्कळ जण ती ढेकूळ समजून घासून टाकतात. राहू द्या, आणि रंगवताना तिच्या उतारावर उघड्या पोलादाची एक चमकदार रेघ ओढा. तिथे रंग टिकूच शकत नाही.

रंगापूर्वी सगळं मॉडेल कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, मऊ ब्रशने धुवून पूर्ण वाळवायचं. बोटांचं तेल राहिलं तिथे प्राइमर डोळे पाडतो. प्राइमर राखाडी, एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाच्या) ०.३ मि.मी. नोझलने, साधारण १ ते १.२ बार दाबावर, दोन पातळ फवारे. लॅकर वापरत असाल तर सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क आणि बाहेर जाणारी हवा दोन्ही हवं. साध्या कापडी मास्कमधून वाफ सरळ आत जाते.

सोव्हिएत संरक्षक हिरवा, ४-बीओ, हा बाटलीतून थेट मारला तर मॉडेलवर फार गडद वाटतो. लहान वस्तूवर तोच रंग डोळ्याला काळपट दिसतो. मी त्यात पिवळसर मातकट रंग साधारण पाचव्या हिश्शाने मिसळतो. पांढरा मिसळला तर रंग खडूसारखा होतो. वरच्या पृष्ठभागांवर अजून थोडा उजळ, चाकांजवळ मूळ बाटलीचाच. यावर वरून पांढरा रंग येणार आहे, त्यामुळे हिरव्यावर छटांचं फार काम करू नये. जे दिसणार नाही ते रंगवण्यात राम नाही.

हिरवा पूर्ण सुकल्यावर, किमान चोवीस तासांनी, मॅट वार्निशने बंद करायचा. मग, वरचा पांढरा पुढे पाण्याने सोडवता यावा म्हणून, केसांवर मारायचा स्प्रे, हातभर अंतरावरून दोन हलके फवारे, मध्ये दहा मिनिटं. जवळून मारला की थेंब जमतात आणि नंतर पांढरा थेंबाच्याच आकारात सुटतो, जे कुठल्याही खऱ्या गाड्यावर घडत नाही. त्यावर पांढरा अॅक्रिलिक, पाण्याने पातळ केलेला. हे महत्त्वाचं आहे: लॅकर थिनरने पातळ केलेला पांढरा खालच्या स्प्रेच्या थरात शिरून त्याला धरून बसतो आणि मग कितीही घासा, निघत नाही. पांढरा एकसारखा नको. खरा पांढरा रंग सैनिकांनी ब्रशने, फडक्याने, जे हाती आलं त्याने चोपडलेला असे, कुठे जाड, कुठे हिरवा डोकावणारा.

पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्याचा ब्रश एका छोट्या भागावर फिरवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, आणि कापलेल्या ताठ ब्रशने टोचायला सुरुवात करायची. आधी कडा, मग जिथे माणसाचे बूट पडतात त्या जागा: चालकाच्या झाकणाभोवती, मडगार्डवरून टरेटवर चढण्याची वाट, टरेटची झाकणं, धरायच्या दांड्यांच्या मागचा पत्रा. बोल्टच्या मुळाशी, वेल्डच्या बाजूला आणि ओतीव पोताच्या खळग्यांत पांढरा राहू द्यायचा. हेच ते ठिकाण जिथे टरेटवर टोचलेला पोत कामी येतो: उंचवट्यांवरून पांढरा निघतो, खळग्यांत राहतो, आणि ओतीव पोलाद आपोआप बोलू लागतं. पांढरा चकत्यांमध्ये सुटला तर थर जाड बसला आहे. त्या चकत्यांच्या कडा बारीक ओल्या स्पंजने विरघळवाव्या लागतात. हे काम त्याच दिवशी पुरं करायचं. दुसऱ्या दिवशी पांढरा घट्ट होतो.

अंक किंवा घोषणा असेल तर ती हिरव्यावरच बसवून तिच्याभोवती पांढरा सोडायचा, फोटोत बहुतेक तसंच दिसतं. ओतीव टरेटवर डिकल (पाण्यात भिजवून बसवायचं छापील चित्र) बसवताना खाली चकचकीत वार्निशचे दोन थर लागतात, नाहीतर खळग्यांत हवा अडकून चांदीसारखे ठिपके दिसतात. आले तर सुईने टोचून मायक्रो सोलचा (डिकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब द्यायचा आणि डिकल सुरकुतली तरी हात लावायचा नाही. ती आपली आपण बसते.

वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, गडद तपकिरी तेलरंगाचा, फक्त खाचांत आणि बोल्टच्या मुळाशी, बारीक ब्रशने. काळा वॉश पांढऱ्यावर घाणेरडा दिसतो. गंजाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. आघाडीवर काही महिनेच टिकलेल्या गाड्याच्या जाड चिलखतावर नारिंगी गंजाचे ओघळ येत नाहीत. गंज जिथे तापतं तिथे, म्हणजे धूर सोडणाऱ्या दोन नळ्यांवर, आणि ट्रॅकवर. ट्रॅकचा मूळ रंग गडद तपकिरी. बाहेरच्या उंचवट्यांवर आणि पोलादी चाकं ज्या पट्ट्यावरून धावतात त्या आतल्या दोन वाटांवर ग्रॅफाइट पेन्सिलची भुकटी बोटाने घासायची. पोलादी चाकांच्या धावाही तशाच चमकवायच्या. रबरी दोन जोड्या गडद राखाडी आणि मॅट. एकाच बाजूला चमकती आणि मॅट चाकं शेजारी आली की निझ्नी तागिल पाटी न लावता कळतं.

चिखल शेवटी. हिवाळ्याचा गाडा असेल तर कोरडा पिवळा धुरळा नको. गडद, ओला, खालच्या तिसऱ्या हिश्शातच. पिगमेंट (कोरडी रंगभुकटी), थोडं बारीक प्लॅस्टर आणि अॅक्रिलिक राळ यांचं दाट मिश्रण करून ब्रश आणि टूथपिकच्या मदतीने चाकांच्या मागे शिंतडायचं, दांड्यांच्या वरच्या बाजूला साठवायचं. चाकांच्या मधल्या भागावर फिरत्या चिखलाची वर्तुळं येतात, सरळ ओघळ नाही. इंधनाच्या टाकीच्या झाकणाखाली डिझेलचा एक चकचकीत, गडद डाग. तो पांढऱ्यावर हिरवट-तपकिरी दिसतो.

ट्रॅक आणि चाकं आता कायमची चिकटवायची, दोर हुकात अडकवायचा, ०.३ मि.मी. स्टीलच्या तारेची अँटेना सगळ्यात शेवटी. झाकण उघडं ठेवायचं असेल तर आत माणूस हवा, रिकामं प्लॅस्टिक दिसता कामा नये. धड बंद करण्याआधी तळाच्या आतून एक नट इपॉक्सीने चिकटवून ठेवला असेल तर मॉडेल खालून स्क्रूने फळीवर घट्ट बसतं आणि पिगमेंटला बोट लावायची वेळ येत नाही.